पावसाळ्यात फ्लायसाठी लवचीक धागे रंगवायचेत? ही घ्या तयारी

१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. फ्लाय, म्हणजे गळावर धागे-पिसं बांधून केलेला नकली किडा, बांधणाऱ्यांनी रंगकाम उरकायचे हेच दिवस. नर्मदाकाठी ज्याला बाडस म्हणतात तो महासीर २०११ पासून राज्याचा मासा आहे. त्याच्यासाठी निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय, बांधायची तर नदीतल्या किड्यांचा मळकट, शेवाळी तपकिरी रंग हवा, आणि दुकानात लवचीक धागा मिळतो तो बहुधा पांढरा नाहीतर काळा. तेव्हा रंग घरीच करावा लागतो. पण धाग्याचा ताण गेला तर रंग कितीही सुंदर चढला तरी त्या धाग्याचा उपयोग नाही, म्हणून पुढची सगळी तयारी ताण राखण्यासाठी आहे.

रंगाची पुडी उघडण्याआधी हातातला धागा कशाचा आहे ते पक्कं करा. मण्यांच्या ब्रेसलेटसाठी पांढरा, चपटा, बारीक तंतूंचा इलॅस्टिक दोरा मिळतो, तो बहुतेकदा स्पॅन्डेक्सचा (रबरासारखा ताणणारा कृत्रिम तंतू) असतो आणि फ्लायच्या पायांना उत्तम. जुने पातळ स्टॉकिंग म्हणजे नायलॉन आणि थोडं स्पॅन्डेक्स. त्याच्या अरुंद पट्ट्या निम्फच्या पाठीवर छान बसतात. सिलिकॉनच्या पायांच्या वाटेला जाऊ नका, त्यावर कुठलाच रंग धरत नाही, ते रंगीतच विकत घ्या. शंका असेल तर ग्लासभर पाण्यात साबणाचा थेंब घालून धाग्याचा तुकडा बुडवा आणि चिमटीने दाबून त्यातली हवा काढा. तरीही तरंगला तर पॉलीप्रॉपिलीन, तो बाजूला. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही बुडतात. त्यांच्यातला फरक ओळखायला स्वयंपाकघरातला खाण्याचा केशरी रंग पुरतो. कपभर कडक गरम पाण्यात चिमूटभर रंग, चिमूटभर लिंबूसत, त्यात तुकडा दहा मिनिटं, मग नळाखाली धरा. नायलॉन केशरी राहील, पॉलिस्टर धुऊन जवळजवळ कोरं होईल. पॉलिस्टरला वेगळ्या जातीचा रंग आणि चांगली उकळी लागते. स्पॅन्डेक्स तेवढी उष्णता सोसत नाही, म्हणून दोन्हींची मिसळण असलेली कापडी इलॅस्टिक घरी रंगवायच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रंग घ्यायचा तो ॲसिड डाय. दुकानात हे नाव कळलं नाही तर रेशमाचा किंवा लोकरीचा रंग मागा. महेश्वरी साडीचा रेशमी ताणा विणण्याआधी लडीतच रंगवतात, ते बघायला मिळालं तर जरूर बघा. रेशीम, लोकर आणि नायलॉन यांच्या रेणूंमध्ये साम्य आहे, आणि आम्ल पाण्यात हा रंग तिघांनाही धरतो. स्पॅन्डेक्सलाही धरतो, पण थोडा फिका. सोडा घालून सुती कापड रंगवायचा रंग इथे चालत नाही.

पाणी नळाला येणारं नर्मदेचं वापरा. बोअरिंगचं पाणी जड असतं, रंग मंदावतो आणि डाग पडतात. इंदूरमध्ये बऱ्याच वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो, म्हणून आदल्या पाळीला बादली भरून रात्रभर उघडी ठेवा. तेवढ्यात क्लोरीनही बरंच उडून जातं, आणि क्लोरीन स्पॅन्डेक्सचं वैरी आहे. धागा पांढरा शुभ्र करायला ब्लीच तर कधीच घालू नका.

भांडी स्टीलची किंवा काचेची, ॲल्युमिनियमची नाहीत, आणि एकदा रंगाला वापरली की स्वयंपाकघरात परत न्यायची नाहीत. त्यांच्यावर तशी चिठ्ठी लावा, नाहीतर आई किंवा वहिनी पातेलं घासून आमटीला घेतील. सोबत थर्मामीटर, हातमोजे, मास्क, काचेची बरणी आणि मापाची सिरिंज. पुडी मोजताना पंखा बंद, मास्क तोंडावर.

दहा ग्रॅम धाग्याला रंग लागतो जेमतेम ०.१ ते ०.२ ग्रॅम. एवढं साध्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून १ ग्रॅम रंग १०० मिली गरम पाण्यात विरघळवून ठेवा आणि त्यातलं १० ते २० मिली सिरिंजने घ्या. शेवाळी रंगासाठी पिवळा जास्त, निळा थोडा आणि तपकिरीचा एखादा मिली. काळ्याला मात्र कितीतरी पट रंग लागतो. तो धागा काळाच विकत आणा.

धाग्याची सैल लड करा, दोन-तीन ठिकाणी ढिली बांधा. कार्डावर ताणून गुंडाळलेला धागा आतल्या बाजूला पांढरा राहतो. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडने धुवा, कारण नव्या इलॅस्टिकवर तेलाचा हात असतो. फॅब्रिक सॉफ्टनर नको. दहा सेंटिमीटरचा एक तुकडा कोरा काढून ठेवा, तो नंतर लागेल.

आता बरणीत कोमट पाणी आणि रंग, तळाशी कापड घातलेल्या पातेल्यातल्या पाण्यात बरणी, आणि बरणीत ओली लड. आम्ल लगेच घालू नका. पाच मिनिटं लड हलवून रंग सगळीकडे पोचला की मग लिटरमागे पाव चमचा लिंबूसत किंवा दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर. वीस मिनिटांत हळूहळू बरणीतलं पाणी ७० अंशांवर आणा आणि तिथेच अर्धा तास धरा. अधूनमधून काडीने लड उचलून उलटी करा. पाणी निवळत गेलं की रंग धाग्यात शिरतोय. उकळी फुटू देऊ नका. निव्वळ नायलॉन उकळी सोसतं, स्पॅन्डेक्स ढिलं पडतं. बरणी आपोआप गार होऊ द्या.

रंग जमला का ते ओल्या धाग्यावरच ठरवा. कपडा वाळवून बघतात, पण फ्लाय माशाला ओलीच दिसणार. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, पांढऱ्या टिश्यूवर घासून बघा. मग तो कोरा तुकडा आणि रंगवलेला तेवढाच तुकडा फूटपट्टीवर शेजारी धरून सारखे ताणा आणि सोडा. रंगवलेला मूळ लांबीवर परतला नाही तर पुढच्या वेळी आच ६० अंशांवर ठेवा, वेळ वाढवा.

उरलेल्या पाण्यात खाण्याचा सोडा घालून ते घरातल्या सांडपाण्याच्या पाइपमध्ये ओता, उघड्या नाल्यात नाही. नाला इंदूरच्या कान्ह नदीला मिळतो आणि कान्ह क्षिप्रेला. लड सावलीत, खोलीतच वाळवा. पावसाळी हवेत दोन दिवस लागले तरी हीटर किंवा ड्रायर लावू नका. काळे पट्टे हवे असतील तर धागा पूर्ण वाळल्यावर परमनंट मार्करने ओढा, आणि पिशवीवर रंगाचे मिली, तापमान, वेळ लिहून ती अंधाऱ्या डब्यात ठेवा.