जुनी फेल्ट हॅट डोक्यावर चढवण्यापूर्वी
जुनी फेल्ट हॅट (केस दाबून घट्ट केलेल्या कापडाची टोपी) हाती येताच ती घालून आरशासमोर उभे राहण्याचा मोह (तो मलाही होतोच) आवरावा, कारण 18व्या-19व्या शतकांत सशाच्या केसांचे फेल्ट बनवताना पाऱ्याचे विषारी नायट्रेट वापरले जाई आणि त्याचा अंश अशा हॅटमध्ये आजही सापडतो. अमेरिकेत ही पद्धत 1941 साली थांबली. जुनी हॅट हातमोजे घालूनच हाताळावी आणि मिरवण्याची हौस नव्या प्रतिकृतीवर भागवावी. उचलताना पुढची चिमटलेली घडी धरू नये, कारण फेल्ट बहुधा तिथेच चिरते. भोवतालच्या कडेवर टेकवून ठेवलेल्या हॅटच्या कडेचा बाक हळूहळू सपाट होतो, म्हणून आम्लविरहित कागदाची उंच चुंबळ करून, कड अधांतरी राहील अशी ती तिच्यावर बसवावी.