डबल हॉल नीट बसवण्यासाठी: कोकण किनाऱ्यावरच्या फ्लाय कास्टिंगचा सराव

कोकणात फ्लाय (पिसाधाग्यांचं हलकं नकली आमिष) टाकायचा रॉड घेऊन गरवणारे अजून थोडेच. त्यातल्या बहुतेकांची तक्रार मात्र एकच असते: लाइन लांब जात नाही. मग उजव्या हाताचा जोर वाढतो, लूप (हवेत उलगडणाऱ्या लाइनचा वळसा) फुगतो आणि समोरच्या वाऱ्यात फ्लाय पायाशी येऊन पडते. अशा वेळी डाव्या हाताकडे बघा. फेकताना त्या हाताने लाइनला दिलेली ओढ म्हणजे हॉल, आणि मागच्या व पुढच्या दोन्ही फेकींत दिली की डबल हॉल. हॉल शिकताना सगळ्यांचं लक्ष लाइन ओढण्याकडे असतं, पण ओढलेली लाइन परत देणं हा त्याचा अवघड भाग आहे आणि अंतर तिथेच मिळतं.

आधी रॉड आणि लाइनची जुळणी

खाडीतला जिताडा, तांबोशी किंवा पुळणीवरचा रावस यांच्यासाठी 9 फुटी, 8 किंवा 9 नंबरचा रॉड घ्यावा. लाइनचा नंबर तिच्या पुढच्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो. 8 नंबरला ते 210 ग्रेन, म्हणजे साधारण 13.6 ग्रॅम, आणि 9 नंबरला 240 ग्रेन. आजकाल बऱ्याच लाइन छापील नंबरापेक्षा अर्धा-एक नंबर जड बनवतात, म्हणून खोक्यावरचा ग्रेनचा आकडा वाचूनच घ्या. कांदळवनाच्या कडेला जवळची फेक करायला जड लाइन सोयीची असते. हॉल शिकायला मात्र रॉडच्या नंबराइतक्याच वजनाची हवी, नाहीतर रॉड आधीच पूर्ण वाकतो आणि हॉलने काय फरक पडला हे हाताला कळत नाही.

लाइन उष्ण हवामानासाठी बनवलेलीच घ्या. थंड पाण्याची लाइन आपल्या उन्हात मऊ पडते, रिंगांना चिकटते आणि हॉलची निम्मी मेहनत घर्षणात जाते. उष्ण हवामानाची लाइन उलट पहाटेच्या गारव्यात वेटोळी धरून बसते. तिचं टोक माडाला बांधून लागेल तेवढी लाइन मागे नेत सावकाश ताण द्या, वेटोळी जातात. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा पातळ दोरा, 9 फुटांचा पुरतो. जिताड्याच्या गालफडाची धार पातळ नायलॉन कापते, त्यामुळे टोकाला हातभर 30 ते 40 पौंडी जाड टिपेट (लीडरचा शेवटचा तुकडा) जोडा.

रॉडचे तुकडे जोडताना किंचित पिळून घट्ट बसवा आणि रिंगा एका रेषेत आणा. हॉलच्या झटक्यांनी सांधे सैल होतात, अधूनमधून चाचपत राहा. कापसाचा बोळा प्रत्येक रिंगेतून फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे खाच पडली आहे, आणि ती खाच लाइनचं आवरण सोलते.

एक काम आवर्जून करा. लाइनचा जाड भाग, म्हणजे हेड, जिथे संपतो ती जागा रॉडच्या टोकाच्या जरा बाहेर ठेवा आणि त्या वेळी डाव्या हातात जिथे लाइन येते तिथे काळ्या मार्करने बोटभर पट्टा काढा. हवेत किती लाइन खेळवायची याची ती हद्द. बारीक लाइन याहून जास्त बाहेर गेली तर कितीही चांगला हॉल केला तरी लूप कोसळतो.

हॉल: आडव्या हाताने सुरुवात

सराव गवताच्या मैदानावर करा. पुळणीवरची वाळू लाइन घासते आणि कातळाचा सडा तर तिला सोलूनच काढतो. फ्लायऐवजी टोकाला लोकरीचा तुकडा बांधा.

1. साधारण 8-9 मीटर लाइन बाहेर काढून रॉड कमरेच्या उंचीवर आडवा धरा. म्हणजे लूप डोळ्यांसमोर उलगडताना दिसतो.

2. दोन्ही हात जवळजवळ ठेवून सुरुवात करा. लाइन डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत धरा.

3. फक्त मागची फेक करा. रॉडचा वेग वाढू लागला की डावा हात विरुद्ध दिशेला न्या, आधी सावकाश, मग वेगाने. हॉलचा सर्वांत जास्त वेग रॉड थांबण्याच्या क्षणी यायला हवा. सुरुवातीला वीतभर हॉल पुरे.

4. रॉड थांबला की डावा हात लगेच उजव्याकडे परत न्या. उलगडणारी लाइन स्वतःच हाताला ओढून नेते, ती ओढ जाणवली पाहिजे. पागाची दोरी मनगटाला ठेवून जाळं सोडणाऱ्याला ही जाण आधीपासून असते: जाळं जेवढं मागेल तेवढंच आणि त्याच वेगाने द्यायचं.

5. लाइन जमिनीवर पडू द्या आणि थांबा. मग पुढची फेक तशीच. दोन्ही बाजू वेगवेगळ्या जमल्यावरच त्या जोडा.

डावा हात आणि पहिली रिंग यांच्यामध्ये लाइनची झोळ दिसली, तर हात लाइनपेक्षा लवकर परत आला. हात खालीच राहिला, तर पुढच्या हॉलला ओढायला जागाच उरत नाही. हॉल लवकर सुरू करून रॉड थांबण्याआधीच संपवणं हाही नेहमीचा दोष आहे. मागच्या लूपकडे मान वळवून बघा, लाज वाटायचं कारण नाही, कारण बहुतेकांचा मागचा हॉल कच्चा असतो.

किनाऱ्यावरचा वारा

सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की तो पाठीवर येतो. पुढची फेक सोपी होते, पण मागची कोसळते. तेव्हा मागची फेक खालून, घट्ट लूपने आणि जास्त हॉल देऊन करा, पुढची जरा उंच सोडा. दुपारी खारा वारा समोरून येतो तेव्हा याच्या उलट: मागची उंच, पुढची पाण्याच्या जवळून, हॉल पुढच्या फेकीत.

उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून असतो, म्हणजे उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर. हॉलच्या वेगाने येणारा हुक थेट चेहऱ्याकडे ढकलला जातो. टोपी आणि गॉगल हवाच. शिवाय रॉड डोक्यावरून डाव्या खांद्याकडे झुकवून टाका किंवा समुद्राकडे पाठ करून मागच्या फेकीवरच फ्लाय सोडा. मालवणजवळच्या देवबागसारख्या ठिकाणी चिंचोळ्या पट्टीच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आहे. तिथे दुपारी सरळ नदीच्या बाजूला जावं, वारा पाठीशी येतो.

जड डोळ्यांची क्लाउझर फ्लाय लावली असेल तर लूप मुद्दाम मोठा ठेवा आणि हॉल हलका करा. घट्ट लूपमध्ये ती झटका खाते.

लाइन सोडताना

खडकांत उभे असाल तर लाइन पायाशी टाकू नका, कालवं तिला कापतात. बाजारात मिळणारी पसरट प्लास्टिकची टोपली पट्ट्याने कमरेला बांधा. शेवटच्या हॉलनंतर लाइन पूर्ण सोडून न देता अंगठा आणि तर्जनीच्या कड्यातून धावू द्या. गुंता आला तर तो हाताला आधी कळतो आणि फ्लाय पडायच्या आत लाइन पुन्हा ताब्यात येते. लगेच ती उजव्या हाताच्या तर्जनीखाली घ्या आणि पहिली ओढ द्या. जिताडा अनेकदा फ्लाय पाण्याला टेकताक्षणीच घेतो.