अयुथयाला पहिल्यांदा जाताय? मग या चुका टाळा

बँकॉकच्या ट्रिपमध्ये अयुथया 'हाफ डे'त कोंबतात लोक, आणि सगळ्यात मोठी चूक हीच. अहो, 1351 ला वसलेलं, 1767 मध्ये बर्मी सैन्यानं जाळेपर्यंत चारशे वर्षं सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी असलेलं शहर आहे ते, नावसुद्धा आपल्या अयोध्येवरून, चार तासांत काय बघणार? एक रात्र राहाच.

आम्ही पहिल्यांदा एप्रिलमध्ये गेलो, पोचेपर्यंत अकरा वाजलेले, सगळीकडे उघड्या तापलेल्या विटा आणि सावली कुठेच नाही, दोन देवळं झाली आणि लेकीला चक्कर यायला लागली. पुढच्या वेळी मुक्काम केला आणि सकाळी आठला वाट महाथाटला हजर. वाट म्हणजे बौद्ध मंदिर. तिथे झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं मस्तक आहे ना, ते जमिनीलगत आहे, अगदी शांत चेहरा, एका गालावर मूळ टेकलेलं. फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर नको. आणि बिनडोक्याच्या मूर्तींमागे उभं राहून आपलं तोंड लावून फोटो तर अजिबात नको, प्लीज. या मूर्ती तिथल्या लोकांसाठी आजही पूजनीय आहेत. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या.

जुनं शहर तीन नद्यांच्या मधलं बेट आहे आणि रेल्वे स्टेशन नदीच्या अलीकडे, हे माहीत नसतं म्हणून लोक स्टेशनबाहेर पहिल्या टुकटुकवाल्याला (टुकटुक म्हणजे तिथली रिक्षा) दिवसभराचे पैसे देऊन मोकळे होतात. समोरचा रस्ता धरून सरळ चालत जा, छोटी होडी थोड्या बाथमध्ये (बाथ म्हणजे थाई चलन) पलीकडे सोडते, तिकडे सायकली भाड्यानं मिळतात. टुकटुक करायचीच तर संध्याकाळी करा, वाट चायवत्तनारामसाठी, कारण ते बेटाबाहेर आहे, नदीच्या पश्चिमेला. भाडं आधी ठरवा.

शाकाहारी असाल तर नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही, भाजीतसुद्धा फिश सॉस घालतात. 'जे' म्हणायचं, म्हणजे मांस, मासे, अंडी, कांदा-लसूण काहीच नाही. बोट नूडल्सच्या (पूर्वी होडीतून विकायचे ते रस्सा-नूडल्स) रश्श्यात बरेचदा डुकराचं रक्त असतं, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. रोती साय माय मात्र सोडू नका, पातळ पोळीत म्हातारीच्या केसांसारखे साखरेचे रंगीत धागे गुंडाळून खायचे, पण पोळी मऊ आहे तोवरच, बँकॉकला नेऊन खाऊ म्हणून पिशवीत ठेवू नका.