सड्यावर टू-स्ट्रोकचा पाइप तपासायला निघण्याआधी

पाऊस सरला, रस्त्यावरचं शेवाळ वाळलं, दिवाळी उरकली की कोकणात जुन्या टू-स्ट्रोक गाड्या पडवीतून बाहेर निघतात. आरएक्स १००, यझदी, जावा, एखाद्या भाग्यवंताकडची आरडी ३५०. आणि त्याच सुमारास नवा चेंबर, म्हणजे मध्ये फुगलेला आणि पुढे निमुळता होणारा एक्झॉस्ट पाइप, बसवून पाहायची हौसही उफाळून येते. हौस अगदी रास्त आहे. फक्त तयारीची सुरुवात जुन्या पाइपापासून करा, नव्यापासून नको.

तीस-चाळीस वर्षं टूटी ऑइल (पेट्रोलबरोबर जळणारं टू-स्ट्रोकचं तेल) जाळलेल्या गाडीचा कंपनीचा सायलेन्सर आतून काजळीने अर्धा भरलेला असतो. तो उतरवून त्याजागी कुठलाही मोकळा पाइप लावला तरी गाडी पळायला लागते आणि श्रेय नव्या पाइपाला मिळतं. म्हणून आधी मागचा स्क्रू काढून बॅफल (आवाज दाबणारी आतली नळी) बाहेर ओढा आणि जाळून, खरवडून साफ करा. सायलेन्सरच्या आतला चिकट थर कॉस्टिक सोड्याने सुटतो, पण ते काम उघड्या अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून करा. सोड्याचा थेंब ॲल्युमिनियमच्या भागांवर पडू देऊ नका, तो धातू खातो. साफ करण्याआधी आणि नंतर सायलेन्सर काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा. किती काजळी गेली ते आकड्यात दिसतं. जावा-यझदीला एका सिलिंडरला दोन पाइप असतात, तेव्हा दोन्ही सारखे मोकळे आहेत ना ते बघा. बेंड पाइपाच्या तोंडाशी आणि पोर्टच्या (सिलिंडरमधल्या धूर सोडणाऱ्या खिडकीच्या) काठावरही कार्बन जमतो. तो लाकडी काडीने काढा, पिस्टन खाली नेऊन. पावसाळाभर उभ्या गाडीच्या पाइपात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं नाही ना, हेही टॉर्च मारून पाहा.

मग इंजिन. पाइप तपासायचा तर इंजिन निरोगी हवं, नाहीतर तुम्ही झिजलेल्या रिंगांचीच परीक्षा घेत बसाल. कॉम्प्रेशन मोजा. क्रँकचे ऑइल सील तपासून घ्या, कारण किनाऱ्यावर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं आणि तिथून हवा आत शिरते. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, आणि मोकळ्या पाइपावर पिस्टन पकडतो. इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून ०.४ बारच्या आसपास हवा भरा आणि काटा पडतो का पाहा. जास्त दाब देऊ नका, सीलच उलटायची. आरएक्स आणि आरडीच्या रीड व्हॉल्व्हच्या पात्या उजेडाकडे धरून बघा. एक्झॉस्ट गॅस्केट नवीनच घाला. तिथून फटफट आवाज येत असेल तर त्या दिवशीचं कुठलंही मोजमाप कामाचं नाही.

पाइप नेमकं काय करतो हे मनात स्पष्ट असलं की काय मोजायचं तेही कळतं. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट पाइपातून सुटते. रुंदावत जाणाऱ्या शंकूतून तिचा उलटा पडसाद ओढ होऊन मागे येतो आणि सिलिंडरमधला धूर बाहेर खेचतो. त्यापाठोपाठ थोडं ताजं मिश्रणही सांडतं. पुढच्या निमुळत्या शंकूवरून परतणारी लाट मात्र दाबाची असते. पोर्ट बंद होता होता ती पोचली तर सांडलेलं मिश्रण ती पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटारसायकल कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात रेसिंगसाठी हे तंत्र पक्कं केलं. १९६१ साली त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून सुझुकीला मिळाला आणि १९६२ साली ५० सीसीचा जगज्जेता झाला. तेच तंत्र आज आपल्या गावच्या वेल्डरच्या हातात आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

लाट वेळेवर परतण्यासाठी लांबी जुळावी लागते. पोर्ट उघडा राहण्याचे अंश, गुणिले लाटेचा वेग (गरम वायूत सुमारे ५२० मीटर प्रति सेकंद), गुणिले ८३, भागिले आरपीएम: उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. ही लांबी पिस्टनपासून निमुळत्या शंकूच्या साधारण मध्यापर्यंतची. पोर्ट १८० अंश उघडा धरला तर ७५०० आरपीएमसाठी सुमारे १०४ सेंटिमीटर, ९५०० साठी ८२. म्हणजे आखूड पाइप वरच्या आरपीएमला धावतो आणि खाली मरतो. आरएक्स १०० ची कंपनीची ताकद ११ बीएचपी, तीही ७५०० ला. आपल्या रस्त्यांवर वळण, चढ, पुन्हा वळण असं चालतं, तिथे ९५०० चा पाइप कशाला हवा? नवा चेंबर घेताना विकणाऱ्याला आधी हा आकडा विचारा, आवाज नंतर ऐका. शेपटीचा व्यासही मोजा. पाइपाच्या सुरुवातीच्या व्यासाच्या साठ टक्क्यांच्या आसपास तो असावा. फार बारीक शेपटी उष्णता आत कोंडते आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पाडू शकते.

आता हवा आणि पेट्रोल. किनाऱ्यावर सगळ्यात जास्त पिस्टन इथेच जातात. कोल्हापूर साधारण ५५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ६ टक्के कमी. तिकडे जेटिंग करून घेतलेली, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा जेट तिथल्या हवेला जुळवलेली गाडी आंबा घाट उतरून रत्नागिरीत आली की दाट हवेत लीन होते. त्यात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तोच जेट आणखी सात-आठ टक्के लीन ठरतो. त्यावर मोकळा पाइप चढवला तर काय होईल ते सांगायला नको. किनाऱ्याची दमट हवा उलट बाजूला थोडं ओढते: ३० अंशांना ८० टक्के आर्द्रता असली की हवेचा तीन टक्क्यांहून जास्त भाग नुसती वाफ असते. पण त्या भरवशावर राहू नका. मेन जेट दोन-तीन पायऱ्या मोठा घालून सुरुवात करा आणि धूर, अडखळणं पाहत एकेक पायरी खाली या. मोठ्यावरून लहानाकडे, उलटं कधीच नाही. आणि इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकीत राहिलेलं पेट्रोल काढून टाका आणि टाकीचा तळ व कार्बोरेटरची वाटी पुसून घ्या. ऑइल चांगल्या प्रतीचं, डब्यावर एफसी किंवा एफडी लिहिलेलं. पंप असलेल्या गाड्यांत पंपाची नळी हवेचे बुडबुडे न दिसेपर्यंत ब्लीड करा.

जागा निवडायची तर सडा. खाली वाडी, वर जांभ्याचा सपाट सडा, त्यावरून सरळ गेलेला डांबरी रस्ता: चाचणीला याहून चांगली जागा कोकणात नाही. आदल्या दिवशी पायी फिरून खड्डे, सांडलेली खडी, गुरांच्या वाटा बघून घ्या. डांबर सोडून कातळावर गाडी घालू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, काही अजून मातीखाली झाकलेली, आणि चाकाखाली काय जातंय ते वरून दिसत नाही. वेळ सकाळची, मतलई वारा मंदावला की लगेच. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की एका बाजूने गाडी उडते आणि दुसरीकडून अडते. सकाळीसुद्धा प्रत्येक धाव दोन्ही दिशांनी घ्या आणि सरासरी काढा.

मोजायचं ते साधंच. वरच्या गिअरमध्ये ताशी ४० वर स्थिर करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि ७० ला पोचायला लागलेले सेकंद टिपा. वेग मोबाइलच्या जीपीएसवरून घ्या, जुन्या मीटरच्या काट्यावर विश्वास नको. आरएक्सला आरपीएम मीटर नसतो. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा मीटर मिळतो, तो प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी यावर लावा. रायडर एकच. १०३ किलोच्या गाडीवर ७० किलोचा माणूस असताना पाच किलो इकडचे तिकडे झाले तरी जवळजवळ तीन टक्के फरक पडतो, आणि चांगल्या पाइपाचा फायदाही कधी कधी तेवढाच असतो. टायरची हवा, टाकीतलं पेट्रोल, चेनचा ताण, सगळं प्रत्येक वेळी तेच. धावेआधी पाच-सात किलोमीटर चालवून पाइप गरम करा, कारण थंड पाइपात लाट हळू जाते आणि पाइप खालच्या आरपीएमला जुळल्यासारखा वाटतो. एका वेळी एकच बदल: पाइप बदलला तर जेट लगेच बदलू नका, फक्त आधीच रिच (पेट्रोल जरा जास्त देणारा) ठेवलेला असू द्या. कान तर बाजूलाच ठेवा. मोठा आवाज वेगासारखा भासतो, आणि पुष्कळ चेंबर याच एका भासावर विकले जातात.

पूर्ण थ्रॉटलची धाव संपताना क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढून पाहा. चॉकलेटी चालेल, पांढुरका दिसला तर त्या दिवशी पुढची धाव नाही. डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचवर ठेवा, पिस्टन पकडला तर मागचं चाक जागच्या जागी अडतं. हेल्मेट, जाड पँट आणि बूट घालूनच बसा. सोबत दुसरा माणूस हवा, तोच आकडे लिहील.

सड्यावर बरा वाटलेला पाइप घाटात न्या. कुंभार्ली असो की आंबोली, चढावर मधल्या आरपीएमला तो ओढतो का ते दहा मिनिटांत कळतं. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून इंजिनच्या ब्रेकवर लांबवर येऊ नका. पेट्रोलबरोबरच ऑइलही अगदी कमी होतं आणि आरपीएम मात्र वर असतो. मध्ये मध्ये थ्रॉटल उघडा किंवा क्लच दाबा.

कागदपत्रं थोडक्यात: नूतनीकरण झालेलं आरसी, विमा, पीयूसी. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमची मर्यादा आहे. रिच जेटवर ती सहज ओलांडते, म्हणून जेट पक्का झाल्यावर पीयूसी करून घ्या. सायलेन्सर नसलेला चेंबर रस्त्यावर चालवू नका. कायदा आहेच, शिवाय वाडीत म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असतात. पन्नास वर्षांपुढची जावा विंटेज म्हणून नोंदवायची असेल तर तिचं मूळ रूप मोडू नका. नवा पाइप मूळ बोल्टांवरच बसेल असा बनवा.

पिशवीत दोन नवे प्लग, जेटचा संच, गॅस्केट, स्प्रिंग ओढायचा आकडा, पाना, वही. घरी आल्यावर नवा पाइप गरम असतानाच आडोशाला घ्या, थंड झाला की आतून टूटी ऑइलचा हात फिरवून तोंडाला फडकं कोंबा. खाऱ्या हवेत कच्चा पत्रा एका पावसाळ्यात सोलतो. आणि साफ केलेला कंपनीचा सायलेन्सर भंगारवाल्याला देऊ नका. आरएक्स १०० १९९६ साली बंद झाली, म्हैसूरचा जावा-यझदीचा कारखानाही त्याच वर्षी. तो सायलेन्सर तेल लावून, पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा, बॅफलचा स्क्रू त्यालाच बांधून.