गावातून पायवाट-सायकलवाट काढताय? या चुका टाळा

दर दिवाळीनंतर मला असे दोन-तीन फोन येतातच. भोर, वेल्हे, मुळशी या बाजूला कुणाला तरी ट्रेल करायचा असतो, कुणाला शाळेच्या पोरांसाठी सायकलवाट करायची असते, आणि विचारतात की गावाला यात सामील कसं करून घ्यायचं. थोडं बोलल्यावर कळतं की गूगल अर्थवर लाईन मारून झालीये, खडीचं कोटेशन आलंय, उद्घाटनाला कोण येणार तेही ठरलंय. मग गावानं सामील व्हायचं तरी कशात? हौस सगळ्यांना असते, पण एक पावसाळा गावात घालवायची तयारी फार थोड्यांची असते.

सरपंचांची सही म्हणजे गावाची संमती

ही चूक मी स्वतः केलीये, म्हणून सविस्तर सांगतो. आमच्या भागातल्या एका गावात वाडीपासून हायस्कूलपर्यंत सायकलवाट करायची होती. पोरींना डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा पडायचा आणि त्या रस्त्यावर डंपर. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घेतला, चाळीसेक माणसं होती, सगळे बाप्ये, सगळ्यांनी हात वर केले, ठराव झाला. दिवाळीनंतर आम्ही ओढ्याच्या कडेकडेनं चुन्याची फक्की मारली, कारण तिथं चढ सगळ्यात कमी.

आठ दिवसांनी गेलो तर फक्की पुसलेली आणि वाटेवर करवंदीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या. परत मारली, परत तेच. आमच्यातला एक जण तर पोलीस पाटलांकडे तक्रार द्यायला निघाला होता. शेवटी एका म्हाताऱ्या आजींनीच थांबवून विचारलं, "बाबांनो, आमच्या पाणवठ्यावरनं सायकली न्यायच्या म्हंता, मग आमी बायांनी आंघोळीला जायचं कुठं?" त्या वळणावर बायका धुणं धुतात, आंघोळ करतात, हे त्या चाळीस पुरुषांपैकी प्रत्येकाला माहीत होतं. एकानंही सभेत सांगितलं नाही, कारण असलं काही चारचौघांत बोलायचं नसतं. आणि आम्ही बायकांना विचारलंच नव्हतं. मग दोन बायकांना घेऊन चाललो, त्यांनीच वरच्या अंगानं, जांभळीच्या मागून वाट दाखवली, थोडा चढ वाढला पण ती वाट आजही चालू आहे.

खरंतर कायद्यातच ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची सांगितलीये. ती कागदावर उरकू नका. मी तर आता ग्रामसभेच्याही आधी पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीपाशी आणि शाळा सुटताना फाटकाशी जाऊन बोलतो. आणि अजून एक, ग्रामसभेला कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, लागतो मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी असेल ते. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही, म्हणून बरेच जण मुद्दाम ती वाट धरतात. तसं करू नका. पंधरा माणसांत झालेला ठराव पहिल्या भांडणातच फाटतो.

"न्या की!" वर विश्वास ठेवून काम चालू करणं

शेतकरी मनानं मोठा असतो, बांधावरून वाट मागितली की "न्या की" म्हणतो. पण सातबाऱ्यावर पाच भावांची नावं असतात, त्यातले तीन मुंबईला, आणि गणपतीला आल्यावर त्यातला एक विचारतो की माझ्या शेतात कुणाला विचारून घुसलात. त्यामुळं उताऱ्यावरच्या प्रत्येक नावाशी बोला, फोनवर का होईना.

नकार आला तर त्यामागची भीतीही समजून घ्या. आज वाट दिली तर उद्या वहिवाट लागेल, म्हणजे तिथून जायचा कायमचा हक्क होईल, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद होईल, आज सायकल जातीये तर उद्या तिथूनच प्लॉटवाल्याचा जेसीबी येईल, ही ती भीती. मुळशीत, भोरात ज्यांनी जमिनी विकल्या जाताना पाहिल्यात त्यांची ही भीती अजिबात खोटी नाही. म्हणून मी पहिल्याच बैठकीत सांगतो की वाट एवढ्या फुटांची, मोटार जाणार नाही, आणि हे लिहून देतो.

त्याआधी तलाठ्याकडे जाऊन गावनकाशा बघा. एका तुटक रेषेचा पायमार्ग म्हणजे सव्वाआठ फूट, दोन तुटक रेषांचा गाडीमार्ग म्हणजे साडेसोळा ते एकवीस फूट. पुष्कळदा वाट नकाशात असतेच, नांगर लागून लागून बांधात गेलेली असते. अशा वेळी लगेच तहसीलदारांकडे अर्ज ठोकणारे उतावळे मला अजिबात पटत नाहीत. अडवलेली वाट मोकळी करायला 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा करता येतो, सगळं खरं, पण दाव्यानं मोकळ्या झालेल्या वाटेवरचा झाडोरा कापायला नंतर कुणी येत नाही. आधी चहा प्या, दोनदा प्या, तिसऱ्यांदा गावातल्या वडीलधाऱ्याला सोबत न्या.

बाकीच्या चुका

भात लावणीत किंवा झोडणीत बैठक लावणं. माणसं शेतात असतात, तुमच्यासमोर नुसत्या सतरंज्या.

व्हॉट्सॲपवर पोल घेणं. त्यात गावातली तरुण पोरं आणि पुण्याला गेलेले लोकच मत देतात.

वाट उन्हाळ्यात आखणं. जुलैत, छत्री धरून, गुराख्याबरोबर चाला. पाणी कुठून उतरतं ते त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

मोटारसायकल येऊ नये म्हणून तोंडाशी खांब रोवणं. रोवा, पण आधी डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला तिथून चालवून बघा. सायकलचं हँडल जातं, मोळी आडवी अडकते. मी खांब कमरेइतकेच ठेवतो, मोळी वरून जाते.

पेव्हर ब्लॉक. आपल्या पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि पोरं घसरून पडतात. मुरूम दाबा, कडेला चर काढा.

देवराईतून शॉर्टकट काढणं. नका काढू, गावाला विचारायलाही जाऊ नका.

वनखात्याची जमीन मध्ये येत असेल तर रेंज ऑफिसरला सगळ्यात आधी भेटा. गावाच्या सोयीच्या रस्त्यासाठी वनहक्क कायद्यात 1 हेक्टरच्या आत जमीन मिळण्याची तरतूद आहे, ग्रामसभेच्या शिफारशीनं. 3 मीटर रुंद, 3 किलोमीटर वाट म्हणजे 0.9 हेक्टर, हिशोब तिथंच करून ठेवा. ट्रेकर लोकांच्या हौशीच्या ट्रेलसाठी मात्र ही तरतूद पुढं करू नका, ती गावाच्या गरजेसाठी आहे.

आणि जीपीएस ट्रॅक इंटरनेटवर टाकायची घाई. गाड्या कुठं लागणार, कचरा कोण उचलणार, चहा-नाश्त्याचे पैसे कुणाच्या घरात जाणार हे ठरायच्या आधी ट्रॅक टाकला की पुढच्याच रविवारी साठ गाड्या खळ्यावर उभ्या राहतात. मी ट्रॅक गावातल्या कुणाच्या तरी हातात देतो, कधी टाकायचा ते त्यांनी ठरवायचं. एका गावानं दोन वर्षं झाली तरी टाकलेला नाही, आणि पोरी रोज त्याच वाटेनं शाळेत जातात.