मातीचा भरवसा नसताना पूर-संरक्षक भिंत कशी तपासावी

मुंबईतल्या मिठी नदीकाठच्या भिंतीला पूर चढताना जितका धोका असतो, तितकाच तो ओसरताना असतो. ओहोटीला नदीतले पाणी झपाट्याने उतरते, भिंतीमागच्या भरावातले मात्र अडून राहते आणि भिंतीला नदीकडे ढकलते. म्हणून हिशेब ओहोटीचा करा.

आधी जुने नकाशे काढा. विमानतळासाठी मिठीची वाट वळवली गेली, कितीतरी नाले बुजवले गेले. जुन्या पात्रावर भिंत असेल तिथे जादा बोअर (माती तपासायची खोल छिद्रे) घ्या. वर राडारोडा, खाली काळी मऊ चिकणमाती, मग मुरूम आणि खडक, असा क्रम बहुतेक ठिकाणी मिळतो. एसपीटीचे (हातोड्याने नळी मातीत ठोकून ठोके मोजण्याच्या चाचणीचे) आकडे इथे फसवतात: राडारोड्यात दगड लागला की ठोके वाढतात, चिकणमातीत नळी जवळपास हातोड्याच्या वजनानेच खाली जाते. चिकणमातीची ताकद वेन शिअर चाचणीनेच (मातीत पाती खुपसून फिरवायला लागणारा जोर मोजून) मोजा, दर मीटर खोलीला.

आता एक उदाहरण. भिंत ३ मीटर उंच, पाया २.२ मीटर रुंद, चिकणमातीची सरासरी ताकद २० किलोपास्कल. म्हणजे सरकण्याला विरोध दर मीटर लांबीला ४४ किलोन्यूटन. भराव कोरडा असेल (घर्षणकोन, म्हणजे कणांच्या आपसातल्या घर्षणाचे माप, ३० अंश; वजन दर घनमीटरला १८ किलोन्यूटन) तर ढकल दर मीटरला २७ किलोन्यूटन, सुरक्षा गुणांक (विरोध भागिले ढकल; १ च्या खाली गेला की भिंत सरकते) १.६. कागदावर भिंत पास! मागे १.५ मीटर पाणी साचले की ढकल ३५ होते आणि गुणांक १.२६ वर येतो. पूर्ण ३ मीटर साचले तर ढकल ५८, आणि भिंत उभी राहत नाही.

इथे सरासरीवर थांबू नका. साचलेल्या पाण्याचाच हिशेब धरून एकेक आकडा त्याच्या प्रमाण विचलनाइतका (मोजमापे सरासरीपासून साधारण जितकी इकडेतिकडे होतात तितका) वर-खाली करा:

- ताकद २० ± ६: गुणांक १.६३ ते ०.८८
- पाणी १.५ ± ०.५ मीटर: १.४४ ते १.०७
- घर्षणकोन ३० ± ३ अंश: १.३७ ते १.१६

प्रत्येक फरकाचा अर्धा घ्या, वर्ग करा, बेरजेचे वर्गमूळ काढा: सुमारे ०.४३. (१.२६ − १) भागिले ०.४३ म्हणजे विश्वासार्हता निर्देशांक (गुणांक १ पासून किती प्रमाण विचलने दूर आहे ते) ०.६, भिंत सरकण्याची शक्यता चारात एकाहूनही जास्त. निर्देशांक ३ च्या आसपास हवा. आणि यातली तीन चतुर्थांश अनिश्चितता एकट्या चिकणमातीच्या ताकदीची आहे, म्हणून पैसे आधी वेन चाचण्यांवर खर्च करा, भरावाच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवर नंतर.

पाण्याची पातळी अंदाजाने धरू नका. भिंतीमागे छिद्रे पाडलेली पीव्हीसी नळी जाळी गुंडाळून पुरा आणि जुलै-ऑगस्टमध्ये भरती-ओहोटी दोन्ही वेळी मोजा. ओहोटीतही नळीतले पाणी उतरत नसेल, तर वीप होल (भिंतीतली पाणी निघून जायची छिद्रे) गाळाने किंवा प्लास्टिकने तुंबली आहेत. ती पावसाळ्याआधी मोकळी करा. मागे गाळणीचा (माती अडवून पाणी जाऊ देणारा) थर नसेल तर पुन्हा तुंबतील.

कलंडणे आणि पायाखालच्या चिकणमातीतून होणारी खोल घसरण वेगळी तपासा. २००५ साली न्यू ऑर्लीन्सच्या १७व्या स्ट्रीट कालव्याची भिंत पाणी माथ्यावरून जायच्या आधीच खालच्या मऊ चिकणमातीवरून घसरली होती.