सिस्टर व्हायचंय? आधी भांडी घासायला थांब

मला सिस्टर, म्हणजे कॅथलिक धर्मभगिनी, होऊन एकवीस वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं नवीन मुलींची तयारी करून घेण्यात गेली. "मला देवाचं पाचारण आहे असं वाटतंय, आता काय करू?" असं विचारणाऱ्या मुलीला मी आधी एकच सांगते, बॅग भरू नकोस.

मी भरली होती. एका कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांचा झगा मला फार आवडायचा. राखाडी, चुणीदार. (हसू नकोस, बऱ्याच जणींची सुरुवात अशीच होते.) आठ महिन्यांत परत आले. तिथल्या बायका वाईट नव्हत्या, पण मला रुग्णसेवा जमते की नाही हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं, आणि त्यांचं सगळं काम रुग्णांचं.

म्हणून आधी काय हवंय ते ठरव. आपण सगळ्यांनाच नन म्हणतो, पण कार्मेल किंवा क्लेअर संघातल्या नन मठाच्या भिंतीआड राहतात. प्रार्थना हेच त्यांचं मुख्य काम. सिस्टर शाळेत, दवाखान्यात, वस्तीत असते. हा फरक पडला कसा, ते बघायचं तर व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक या संतांनी फ्रान्समध्ये १६३३ साली सुरू केलेला संघ बघ. त्या भगिनींचा मठ म्हणजे आजाऱ्यांची घरं आणि आवार म्हणजे गावातल्या गल्ल्या. त्यांची व्रतंही आजतागायत दरवर्षी नव्याने घेतली जातात. तेव्हा 'कुठला संघ चांगला' असं विचारू नकोस. मला दिवसभर शांतता झेपेल का, की संध्याकाळपर्यंत चार माणसं भेटली नाहीत तर जीव गुदमरेल, हे विचार.

मग दोन-तीन संघांना पत्र लिही आणि 'कम अँड सी'ला, म्हणजे काही दिवस तिथे राहून बघायला, जा. चॅपेलमध्ये सगळ्याच जणी छान दिसतात, त्यावरून काही ठरवू नकोस. रात्रीच्या जेवणानंतर भांडी घासायला थांब. कोण कोणाला फडकं देतं, म्हाताऱ्या सिस्टरचं ताट कोण उचलतं, सुपिरियर, म्हणजे तिथली प्रमुख, स्वतः पुसायला उभी राहते का, एखादीवर सगळं ढकलून बाकीच्या सटकतात का? मी दुसऱ्यांदा जो संघ निवडला, तिथे ऐंशीच्या घरातली एक सिस्टर फक्त चमचे पुसायची आणि तेवढ्यात तिघींना हसवायची. मला तिथे राहावंसं वाटलं ते त्या चमच्यांपाशी.

वयाची घाई करणाऱ्या मुली मला फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेसाचं उदाहरण देतात. ती १८८८ मध्ये पंधराव्या वर्षी कार्मेलात गेली, खरंय. पण आजच्या चर्च कायद्यानुसार सतरा पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा शिक्षणाचा काळ, नाही, अठराआधी पहिली व्रतं नाहीत, एकविसाआधी कायमची नाहीत. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला लागतो, शिवाय तू अविवाहित, मोकळी आहेस याचाही. तब्येतीची चौकशी होते. ती लपवू नकोस, औषधं चालू असतील तर आधीच सांग.

पुढचा रस्ता लांब आहे, आणि तो मुद्दाम लांब ठेवलाय. आधी उमेदवारी, मग पोस्ट्युलन्सी, म्हणजे नोव्हिशिएटची पूर्वतयारी. नोव्हिशिएट किमान बारा महिने, बहुतेक ठिकाणी दोन वर्षं, आणि त्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलीस तर ते धरलंच जात नाही. नंतर किमान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं, मगच कायमची. भिंतीआडच्या मठांत २०१८ च्या नियमांप्रमाणे हे सगळं मिळून किमान नऊ वर्षं. ऐकून घाबरू नकोस. नोव्हिस, म्हणजे नोव्हिशिएटमधली मुलगी, कधीही उठून घरी जाऊ शकते, आणि गेलीस तर त्यात लाज कसली? मला होती, दीड वर्ष. फुकट गेली.

परत यायचा विचार नेमका कधी येतो, ते मात्र लक्षात ठेव. सर्दी झालीय, घरून फोन नाही, मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) मन लागत नाही, अशा आठवड्यात. जेज्वीट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला सांगून गेलेत की मन असं कोरडं पडलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. मन थाऱ्यावर आलं की मग ठरव. आणि हे बोलायला आध्यात्मिक मार्गदर्शक अशी निवड, जी तुझ्या सुपिरियरच्या जागेवर नाही.

आईवडिलांना बातमी एकदम देऊ नकोस. भेटींच्या वेळी त्यांनाही घेऊन जा. माझे बाबा पहिल्या भेटीत एक शब्द बोलले नाहीत, फक्त बाथरूमच्या कड्या नीट लागतात का बघून आले.

अगदी शेवटचं काम कागदाचं. पहिल्या व्रतांआधी तुझ्या मालमत्तेचा कारभार कोणाकडे हे लिहून द्यावं लागतं आणि कायमच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं, तेही सरकारी कायद्याला चालेल असं. माझ्याकडे काय होतं? आजीचं शिलाई मशीन. मी ते बहिणीच्या नावे केलं. वकिलाने दोनदा विचारलं, "एवढंच?"